आवाज (मोठा)

वर्धा जिल्ह्यात गावाचं नाव कंसाशिवाय पुरं होत नाही. सावंगी म्हटली की (मेघे), सिंदी म्हटली की (रेल्वे), तळेगाव म्हटलं की (श्यामजीपंत), आणि खरांगण्याला तर (मोरांगणा) हे दुसरं अख्खं गावच कंसात घेऊन फिरावं लागतं. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आंजीच्या वाट्याला (मोठी) आलं. बोलताना कंसातला शब्द कुणी उच्चारत नाही, पण पत्त्यात तो राहिला की कुरिअरवाल्याचा फोन ठरलेला : ‘‘आंजी कोणती?’’

अशा या आंजी (मोठी)तल्या एका घरी गेमिंगचा रेडीमेड कॉम्प्युटर येऊन पडला आहे, असं समजू या. घर कल्पनेतलं आहे, त्या घराबाहेरचे आकडे मात्र खरे. घरात कॉलेजात जाणारा एक पोरगा, त्याचे आईबाबा, आजी आणि आबाजी. खोकं उघडायला मात्र अर्धी गल्ली. खोक्यावर त्या यंत्राचंही नाव गावासारखंच छापलेलं : एक शब्द बाहेर आणि बाकी सगळा पाल्हाळ कंसात. प्रोसेसर अमुक, रॅम सोळा जीबी, ग्राफिक कार्ड तमुक, समोर काच, आत सात रंगांचे दिवे. दिवे किती हे तीन ठिकाणी लिहिलेलं. यंत्र आवाज किती करतं हे एकाही ठिकाणी नाही.

आपल्याकडे आवाजाचे नियम नाहीत असं थोडंच आहे? फटाका फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. डिझेल जनरेटर पेटीत बसवून त्याचा आवाज १ मीटरवर ७५ डेसिबलच्या आत ठेवावा लागतो. युरोपात तर फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या ऊर्जेच्या लेबलावरही डेसिबल छापावे लागतात. कॉम्प्युटर घेताना मात्र हा आकडा कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. मुलगी बघायला गेलेल्या मंडळींनी तिचं शिक्षण, उंची, रंग सगळं विचारावं आणि ती घोरते का हे लग्नानंतर कळावं, तसा हा व्यवहार.

किंमत एक लाखाच्या आसपास. या रकमेला वर्धा जिल्ह्यात जुना मान आहे. १९२९ साली गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी अशा, की आजच्या कुठल्याही कंपनीला घाम फुटावा : आठ तासांत १६,००० फूट सूत निघालं पाहिजे, किंमत १५० रुपयांच्या आत हवी आणि यंत्र २० वर्षं टिकलं पाहिजे. पुढे १९३६ साली गांधीजी सेगावला (म्हणजे आजच्या सेवाग्रामला, इथंही कंस आलाच) राहायला आले. आता तेवढ्या रकमेत एक गेमिंग कॉम्प्युटर येतो, आणि वीस वर्षांची गोष्ट सोडा, तीन वर्षांच्या वॉरंटीवरच घरदार समाधानी असतं. गांधीजी दर सोमवारी मौन पाळत. या यंत्राला तसा वार नाही.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाहेर कुणीतरी फवारणीचा पंप सुरू केला. मग तो आवाज खाली आला, स्थिरावला आणि घरभर पसरला. पोरानं गेम सुरू केला तसा पुन्हा वर चढला. आबाजी बाजेवरून उठून आले.

‘‘काय गा, हे भुनभुन काय करून राह्यलं?’’

‘‘फॅन आहे, आबाजी.’’

‘‘फॅन तर वर आहे.’’

‘‘याच्या आतबी आहेत. सहा.’’

‘‘सहा? अन् याले इतकं गरम काहून होते?’’

‘‘गेम चालू आहे ना.’’

‘‘खेळतं तू, अन् घाम त्याले?’’

आबाजींनी विनोदानं विचारलं, पण पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत याला पूर्ण गुण मिळाले असते. कॉम्प्युटर जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. आरटीएक्स ४०६० हे मध्यम ग्राफिक कार्ड ११५ वॅटचं, तर त्याच घराण्यातलं पुढच्या पिढीचं थोरलं ५०९० हे ५७५ वॅटचं. म्हणजे जुने शंभराचे पिवळे बल्ब पावणेसहा, एका पेटीत कोंबून पेटवलेले. ती धग बाहेर फेकायला पंखे, आणि पंखे आले की आवाज आला. शाईची दौत आणि डाग यांच्यासारखी ही जोडी आहे.

घरात प्रत्येकाला हा आवाज वेगळा ऐकू येतो. आईला तो पिठाच्या गिरणीसारखा वाटतो, पण शेजारच्या गल्लीतल्या. बाबांना वाटतं गाडीचं बेअरिंग गेलं. आजीचं म्हणणं सगळ्यांहून निराळं : त्या डब्यात पाल शिरली आहे. मधूनच चुक-चुक असा आवाज येतो आणि दर वेळी आजी बोटानं बाजेच्या लाकडावर टकटक करून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणते. पोरगा एखाद्या खलनायकाला संपवायच्या बेतात असतो, इकडे चुक-चुक, कृष्ण कृष्ण. चार दिवसांत हे इतकं अंगवळणी पडतं, की पाल चुकचुकली नाही तर पोराचा नेम चुकतो.

शेवटी ठरतं, की वाद नको, मोजून घेऊ.

मोजायला मोबाइल. त्यात आवाज मोजायचं ॲप फुकट मिळतं आणि सुईसकट मिळतं. पोराच्या मोबाइलनं ५२ डेसिबल दाखवले, बाबांच्या मोबाइलनं त्याच जागी, त्याच क्षणी ४४. मोबाइलचा माइक माणसाचं बोलणं टिपायला घडवलेला असतो. बारीक, एकसुरी घरघर तर तो कचरा समजून गाळायला बघतो. खऱ्या ध्वनिमापकाला वापरण्याआधी ठरलेला आवाज ऐकवून त्याचा काटा लावून घेतात, मोबाइलचा कुणी लावत नाही. यंत्रानं दाखवला म्हणजे आकडा खरा, असं मानायचं असेल तर शेजारच्या नागपूरची आठवण पुरे. मे २०२४ च्या अखेरीस तिथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं तापमान ५६ अंश दाखवलं. देशभर बातम्या झाल्या, लोकांनी सावलीतसुद्धा घाम पुसला आणि मग हवामान खात्यानं सांगितलं, की सेन्सर बिघडला होता. यंत्रालाही ऊन लागतं.

त्यात डेसिबल हे मापही सरळ नाही. किलोसारखं ते मोजायला गेलं की फसगत होते. शून्य डेसिबल म्हणजे आवाजच नाही असं नव्हे. निरोगी कानाला जेमतेम जाणवेल एवढा तो आवाज. तिथून दहा डेसिबल वर गेलं की आवाजाची शक्ती दहापट होते, कानाला मात्र साधारण दुपटीचा भास होतो. दोन सारखे पंखे शेजारी लावले तर आकडा दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलनं वाढतो. एकत्र कुटुंबासारखंच हे : बायकोचं एकटीचं बोलणं ६० डेसिबल असलं, आणि सासूही तितक्याच आवाजात बोलू लागली, तरी एकूण ६३ च. नवऱ्याला १२० वाटतात तो भाग वेगळा.

या हिशेबाचा कळस उन्हाळ्यात गाठला जातो. विदर्भातला उन्हाळा म्हणजे कूलर. खिडकीला टेकवलेला लोखंडी डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याचं टाकं आणि त्यात गुरगुरणारा पंप. तो खोलीत ६५ डेसिबल करतो असं धरू. शेजारी कॉम्प्युटर ४५ करतो. दोन्ही मिळून किती? गणित करून पाहिलं तर ६५.०४. म्हणजे लाखभराच्या यंत्रानं घरच्या गोंगाटात घातलेली भर चार शतांश डेसिबल. गणपतीच्या मिरवणुकीत एखाद्यानं खिशातल्या खिशात चुटकी वाजवावी तशी. मार्चपासून जूनपर्यंत आंजीतला प्रत्येक गेमिंग कॉम्प्युटर मुका असतो.

आवाजाची चाचणी रीतसर कशी करावी याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे : आयएसओ ७७७९. कॉम्प्युटर आणि ऑफिसच्या यंत्रांसाठीच ते लिहिलेलं आहे. त्यात यंत्र चालवणाऱ्याची जागा ठरवलेली आहे, आणि यंत्राच्या चारही बाजूंना एकेका मीटरवर बघ्यांच्या जागासुद्धा. होय, बघ्यांच्या. मानक लिहिणाऱ्या मंडळींनी चार बघे पुरेसे मानले, यावरून त्यातलं कुणी वर्धा जिल्ह्यात आलेलं नसावं. शिवाय मानकातले बघे म्हणजे नुसते मायक्रोफोन. ते ‘‘थोडं तिकडं सरकवून पाहा ना भाऊ’’ असं म्हणत नाहीत.

दुसरी अट अधिक जाचक. यंत्र बंद असताना खोलीतला आवाज यंत्राच्या आवाजापेक्षा निदान १० डेसिबलनं खाली असावा, असा मोजणाऱ्यांचा साधारण दंडक आहे. म्हणजे ४५ चं यंत्र मोजायला ३५ ची खोली हवी. त्यासाठी मोठ्या कंपन्या भिंतींना फोमच्या सुळक्यांनी मढवलेल्या खोल्या बांधतात. अमेरिकेत रेडमंडला मायक्रोसॉफ्टची अशी खोली आहे. २०१५ साली तिथला आवाज उणे २० डेसिबलच्याही खाली भरला आणि जगातली सर्वांत शांत जागा म्हणून गिनेस बुकात तिची नोंद झाली. अशा खोल्यांत माणसाला स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकू येऊ लागतात म्हणे. आंजीत स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकायला डॉक्टरच लागतो. तसा तो गावात मिळतोही, कारण सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आंजीतच आहे.

खोली बांधणं परवडत नाही म्हटल्यावर शांत मुहूर्त शोधणं आलं. पोरानं वर्षाचं कॅलेंडर पुढे घेतलं. उन्हाळा कूलरनं खाल्ला. पावसाळ्यात टिनावर पाऊस, आणि पाऊस थांबला की बेडकं. भाद्रपदात गणपती, आश्विनात दुर्गा. सोयाबीन निघालं की थ्रेशर, ते रात्री बारालाही कुणाच्या तरी वावरात धडधडत असतं. कार्तिकात पहाटे काकड्याचा भोंगा. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लागतात, मग वरातीतला डीजे. त्याच्यापुढे तर मोबाइलच्या ॲपची सुई उजव्या कडेला टेकून बसते आणि तिथंच जेवते.

कागदावर व्यवस्था चोख आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती आणखी पाचानं कमी. नियम पाळवून घेण्याच्या युक्त्याही महाराष्ट्राला सुचलेल्या आहेत. २०२० च्या सुमारास मुंबई पोलिसांनी काही सिग्नलांना डेसिबल मोजणारं यंत्र जोडलं होतं. हॉर्नचा कल्लोळ ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. वाजवा किती वाजवायचं ते, आणि थांबा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये वेगळाच मार्ग काढला. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद होतात, पोरं अभ्यासाला बसतात. शांततेची वेळ झाली हे गावभर भोंगा वाजवून सांगावं लागतं, यातच मराठी माणसाचं आणि आवाजाचं नातं आलं.

राहता राहिला एक हमखास शांत क्षण : लाइन गेल्याचा. मे महिन्यातल्या मध्यरात्री लाइन जाते, गावातले सगळे कूलर एका दमात थांबतात आणि अशी शांतता पसरते की तिनंच अख्खं गाव जागं होतं. दोन मिनिटांत बाजा अंगणात येतात. मायक्रोसॉफ्टच्या खोलीच्या जवळ जाणारी अशी वेळ जिल्ह्यात दुसरी नाही. अडचण एवढीच, की ज्याचा आवाज मोजायचा तो कॉम्प्युटरही लाइनवरच चालतो. त्याला यूपीएस आहे, पण ६०० व्हीएचा छोटा यूपीएस गेमिंगचा भार दिसताच जो गळा काढतो तो थांबत नाही. त्या काळोखात मोजता येतो तो फक्त यूपीएसचा आक्रोश, आणि त्यावर आबाजींची अंगणातून आलेली सूचना : ‘‘त्या कोंबड्याले कोणीतरी झाका गा!’’

एक खुलासा इथं यंत्राच्या बाजूनंही करायला हवा. ते जे गर्जतं, त्यात त्याचा दोष किती आणि वर्ध्याच्या उन्हाचा किती?

कॉम्प्युटरची परीक्षा घेणारी मंडळी खोली २२ अंशांच्या आसपास ठेवून बसतात. ग्राफिक कार्ड ८५ अंशांच्या आत ठेवायचं, म्हणजे खोलीपेक्षा ६३ अंश वर जायची त्याला मुभा. आंजीत एप्रिलच्या दुपारी खोलीच ४० वर असते. आता मुभा उरली ४५ अंशांची. तेवढीच उष्णता तेवढ्याच वेळात बाहेर काढायची तर हवा ढोबळ हिशेबानं १.४ पट लागणार, म्हणजे पंखे १.४ पट वेगानं फिरणार. पंख्याचा वेग दुप्पट केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलनं वाढतो, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. त्या मापानं १.४ पट वेगाला ७ डेसिबल पडतात. तेव्हा थंड खोलीत ४० डेसिबलचं प्रशस्तिपत्र घेऊन आलेलं यंत्र आंजीत ४७ वर गेलं, तर त्यानं शब्द मोडला असं म्हणता येत नाही. बाहेरगावच्या जावयानं वर्ध्याच्या मेमध्ये शर्ट काढून बसावं, तितकंच ते.

आणि या यंत्रांच्या घराण्यात आवाजाची परंपरा थोर आहे. २००३ साली एनव्हिडियाचं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा हे कार्ड आलं. त्याचा पंखा असा किंचाळायचा, की लोकांनी त्याला धूळ ओढणाऱ्या यंत्राचं नाव ठेवलं. शेवटी कंपनीच्याच माणसांनी स्वतःची थट्टा करणारी चित्रफीत काढली आणि त्यात ते कार्ड झाडपाला उडवायच्या यंत्राला जोडून दाखवलं. आंजीत काढली असती तर फवारणीच्या पंपाला जोडलं असतं. २०१३ मध्ये एएमडीचं आर९ २९०एक्स आलं, त्यावर एक बारीक खटका होता. एका बाजूला ‘क्वाएट’, म्हणजे शांत, आणि दुसऱ्या बाजूला ‘उबर’. कार्ड ९५ अंशांवर निवांत तापत बसायचं आणि शांत बाजूसुद्धा शांत आहे हे पटवून घ्यायला खटक्याकडे दोनदा बघावं लागायचं.

पंखाच नको, असंही करून झालं आहे. १९८० सालच्या ॲपल थ्रीमध्ये स्टीव्ह जॉब्स यांच्या आग्रहामुळे पंखा ठेवलाच नव्हता. यंत्र सुंदर गप्प होतं. पण आत तापायचं, आणि चिपा आपल्या खोबणीतून सैल व्हायच्या. त्यावर ग्राहकांना सल्ला मिळाला तो असा : यंत्र काही इंच वर उचला आणि आपटा. कधीकाळी टीव्हीच्या डोक्यावर थाप मारून चित्रहार बघितलेल्या आपल्या पिढ्यांना हे ज्ञान कॅलिफोर्नियाच्या आधीपासून होतं.

आकडा हाती आला तरी सगळं कळतं असंही नाही. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो तेव्हा सेकंदाला १४० वेळा हवेला चापट मारतो. तेच ते घूं. ते एकसारखं राहिलं तर कान अर्ध्या तासात त्याची फाइल बंद करतो. खरा त्रास चढउताराचा. तापमान एका अंशानं वाढलं की पंखे उठतात, उतरलं की बसतात, पुन्हा उठतात. ग्रामसभेत एखादा सदस्य बोलायला उठावा आणि न बोलता बसावा, असं रात्रभर. रेडीमेड यंत्रांत ही उठाबशी बऱ्याचदा घरच्या घरी, सेटिंगमध्ये जाऊन कमी करता येते. पंख्याला ‘थोडं थांबून प्रतिक्रिया दे’ एवढंच सांगायचं असतं. सांगायला मात्र दुकानदार विसरतो.

दुसरा एक आवाज पंख्याचा नसतोच. विजेच्या गुंडाळ्या थरथरतात आणि बारीक, रातकिड्यासारखी चीं ऐकू येते. गेमच्या नुसत्या मेनूवर, जिथं काही घडत नसतं, तिथं कार्ड सेकंदाला शेकडो चित्रं काढत सुटतं आणि ही चीं सर्वांत जास्त असते. रिकामा माणूस शीळ घालतो तशी. पोराला ती असह्य होते, आबाजींना ती ऐकूच येत नाही. वय वाढलं की वरच्या पट्टीचे आवाज कानातून आधी जातात. वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपलटन यांनी २००५ मध्ये याच गोष्टीवर यंत्र काढलं. फक्त तरुण पोरांना ऐकू येईल अशी चीं काढून दुकानासमोरचं त्यांचं टोळकं हटवायचं. २००६ मध्ये त्यांना थट्टेच्या नोबेलपैकी ‘शांतता’ पुरस्कार मिळाला. पोरांनी उलट तोच आवाज मोबाइलची रिंगटोन म्हणून लावला, म्हणजे वर्गात फोन वाजतो आणि सरांना पत्ता नाही.

अखेर डिसेंबर उजाडला. कूलर पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेला, थ्रेशर थांबलं, आणि रिकाम्या कंसासारखी एक शांत रात्र सापडली. मोजायच्या आधी पोरानं डब्याची बाजूची काच काढली.

पाल मिळाली. दिव्यांची एक लाल वायर प्रवासाच्या हादऱ्यांनी सुटून मागच्या पंख्यावर लोंबत होती आणि वेग थोडा वाढला की तिचं टोक पात्याला लागत होतं. चुक-चुक. आजीनं इतके महिने घेतलेलं देवाचं नाव त्या वायरच्या खात्यावर जमा झालं. प्लॅस्टिकच्या एका पट्टीनं ती बांधली, आणि काम झालं.

मग समोरची जाळी. बाजूच्या खोलीत भाव वाढायची वाट बघत यंदाचा कापूस रचून ठेवलेला, आणि डब्याचे पंखे महिनाभर त्याच घरातली हवा ओढत होते. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर कापसाचा आणि धुळीचा करडा, मऊ थर बसला होता, नखानं कोपरा उचलला तर अख्खा सोलून आला, पोळीसारखा. आबाजींनी तो उजेडात धरला, दोन बोटांत वळून पाहिला आणि म्हणाले, ‘‘पेळू होते याचा.’’ एक लाखाच्या यंत्रातून शेवटी कताईचा माल निघाला, हे चरखा संघाच्या परीक्षकांना आवडलं असतं. जाळी नळाखाली धुतली, पात्यांवरची धूळ रंगाच्या जुन्या ब्रशनं काढली, आणि सायकलच्या पंपानं हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवला, कारण तो भलताच वेगानं फिरला तर बेअरिंग जातं. श्वास मोकळा झाल्यावर पंख्यांना धावायचं कारण उरलं नाही.

आता चाचणी. यंत्राला सतत राबवायला पोरानं प्राइम९५ लावलं. हा प्रोग्राम मुळात मेर्सेनच्या मूळ संख्या शोधतो. १९९६ पासून जगभरची माणसं आपापले कॉम्प्युटर जोडून त्या शोधताहेत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या संख्येत ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक आहेत. पण प्रोसेसरला तो इतका पिळून काढतो, की यंत्र तापवायला सगळे हाच वापरतात. गंमत अशी, की ज्याच्या नावाच्या या संख्या तो सतराव्या शतकातला फ्रेंच साधू मारँ मेर्सेन आवाजाच्या शास्त्राचाही आद्य पुरुष. तारेची लांबी, ताण आणि सूर यांचा हिशेब त्यानं लावला, आवाजाचा वेगही मोजून पाहिला. बाबा मध्ये डोकावले. पडद्यावर नुसते आकडे धावताना बघून, पोरगं अभ्यासाला लागलं अशा समजुतीनं चहा ठेवायला गेले.

मोबाइल उशीवर ठेवला, एक मीटरवर. बंद यंत्र : ३२. चालू पण निवांत : ३६. मेर्सेनच्या घाण्याला जुंपल्यावर : ४६. रात्रीच्या निवासी मर्यादेपेक्षा एक जास्त. नियम परिसराला लागू आहे, सीपीयूला नाही, म्हणून पोरगा सुटला. त्यानं पंख्यांचं सेटिंग बदललं, थोडं थांबून प्रतिक्रिया द्यायला सांगितली, पुन्हा मोजलं. ४२. चढउतार नाही, चुकचुक नाही. वहीत आकडे मांडून त्याखाली त्यानं दोन रेघा मारल्या आणि कॉम्प्युटर बंद केला.

खोलीत ३२ डेसिबल पसरले. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

बाजेवर हालचाल झाली.

‘‘काहून बंद केलं गा?’’

‘‘मोजून झालं, आबाजी. झोपा तुम्ही.’’

‘‘झोपलोच होतो ना. कूलर लावल्यावानी वाटून राह्यलं होतं. तुनं बंद केलं अन् जाग आली.’’

पोरानं थोडा वेळ वहीतल्या आकड्यांकडे पाहिलं. मग बटण दाबलं, आवाज हळूहळू चाळिसाच्या वर नेऊन ठेवला आणि दिवा मालवला. आंजी (मोठी)त त्या रात्री पहाटेपर्यंत मेर्सेनच्या मूळ संख्यांचा शोध चालू होता. सापडली एकही नाही. आबाजी मात्र काकड्याच्या वेळेपर्यंत घोरत होते, आणि ते किती डेसिबल, हे मोजायला कुणी जागं नव्हतं.